गाडी पोराची, कागद बापाचे

संपादक महाशय,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात त्या इंजिनिअरिंगच्या मुलाचं पत्र वाचलं, थर्ड इयरला आहे, बाबा गाडी घेऊन द्यायला तयार आहेत पण त्याला साधी हॅचबॅक नकोय, स्पोर्ट्स कार पाहिजे, घेऊ का नको असं त्याने वाचकांना विचारलं होतं. त्यावर जी उत्तरं छापून आली ती वाचून डोकं फिरलं म्हणून हे लिहायला बसलो. जो तो त्याला डोस पाजतोय, आम्ही सायकलवर कॉलेजला जायचो, आताच्या पोरांना पैशाची किंमत नाही, वगैरे वगैरे. अहो पोराने गाडीबद्दल विचारलंय, तुमच्या सायकलबद्दल नाही.

माझं कर्वेनगरला गॅरेज आहे, बरीच वर्षं झाली, आणि अशी पोरं आमच्याकडे कायम येतात, कॉलेज सुटलं की संध्याकाळी, त्यात गाडीवाली कमी आणि नुसती बघायला आलेली जास्त. मला त्यांचा राग येत नाही. चांगल्या टर्बो इंजिनचा आवाज आला की माझ्याच हातातला पाना खाली राहतो, तेव्हा वेग वाईट आणि वेगाची आवड म्हणजे माज हे मी कधी म्हणणार नाही. मला सांगायचंय ते वेगळंच आहे, की ही गाडी कुणाच्या नावावर आणि कुणाच्या पैशावर फिरणार आहे ते आधी बघा, मग कुठली घ्यायची ते बघू.

आता स्पोर्ट्स कार म्हणजे नक्की काय ते आधी क्लिअर करू. बाहेरच्या देशात तरुण पोरांच्या आवाक्यातल्या म्हणून ज्या दोन दाराच्या गाड्या धरतात, माझदाची एमएक्स-५ किंवा टोयोटाची जीआर ८६, त्या आपल्याकडे कंपन्यांनी शोरूममध्ये कधी आणल्याच नाहीत. फोर्डने २०१६ साली मस्टँग आणली ती ६५ लाखांच्या आसपास, आणि पुढे २०२१ मध्ये फोर्डनेच इथून गाशा गुंडाळला. २०२५ मध्ये गोल्फ जीटीआय आली ती ५३ लाखांना, तीसुद्धा एक्स-शोरूम, आणि महाराष्ट्रात २० लाखांच्या वरच्या पेट्रोल गाडीला रोड टॅक्सच निदान १३ टक्के. म्हणजे थर्ड इयरचा मुलगा जेव्हा स्पोर्ट्स कार म्हणतो तेव्हा दहात नऊ वेळा त्याच्या मनात सेकंडहँड टर्बो हॅचबॅक असते. पोलो जीटी टीएसआय म्हणा, अबार्थ पुंटो म्हणा. गंमत म्हणजे दोन्ही आपल्या जिल्ह्यातल्याच, पोलो चाकणची आणि पुंटो रांजणगावची. २०१५ मध्ये अबार्थ पुंटो आली तेव्हा दहा लाखांच्या आत १४५ हॉर्सपॉवर मिळत होते, त्या पैशात तेवढी ताकद दुसरं कुणी देतच नव्हतं, मी स्वतः ती बघायला गेलो होतो आणि बायकोने ती का आणू दिली नाही ते कृपया विचारू नका. तर अशी गाडी एखाद्या पोराला आवडली तर त्यात त्याचं काय चुकलं, मला तरी काही दिसत नाही.

पण आता मुद्द्याची गोष्ट ऐका, जी त्या उत्तरं देणाऱ्यांपैकी एकानेही लिहिली नाही. माझा भाचा इंग्लंडला शिकायला गेला, तिथे त्याला एक जुनी छोटी गाडी घ्यायची होती, तर गाडी जेवढ्याला मिळत होती त्याच्यापेक्षा जास्त पैसे वर्षाच्या इन्शुरन्सला सांगितले. कारण काय, तर वय कमी आणि लायसन्स नवं. तिकडे विमा कंपनी आधी चालवणारा कोण ते बघते, त्यामुळे अठरा-वीस वर्षांच्या मुलाने स्पोर्ट्स कारसाठी कोटेशन मागितलं की जो आकडा येतो त्यानेच प्रश्नाचं उत्तर मिळतं, बापाला नाही म्हणायची वेळच येत नाही. आपल्याकडे थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्यासाठीच्या विम्याचा, प्रीमियम सरकार ठरवतं आणि तो ठरतो इंजिनच्या सीसीवर. हजार सीसीपर्यंत वर्षाला २,०९४ रुपये, हजार ते दीड हजारला ३,४१६ आणि त्याच्या वर सरसकट ७,८९७, हे २०२२ मध्ये आलेले दर. चालवणारा वीस वर्षांचा आहे का साठ वर्षांचा, काही संबंध नाही. आता मजा बघा, आय-ट्वेंटी एन लाईनचं टर्बो इंजिन ९९८ सीसीचं, १२० हॉर्सपॉवर, आणि आमच्या गल्लीतले रिटायर्ड मास्तर त्यांची अल्टो घेऊन मंडईत जातात, थर्ड पार्टीला दोघांचे पैसे सेम! पाच लिटरची मस्टँग आणि कुणाची तरी जुनी सोळाशे सीसीची सेडान, तेही सेम. ओन डॅमेजचा म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीचा भाग गाडीच्या आयडीव्हीवर म्हणजे चालू किमतीवर ठरतो, त्यात जुनी गाडी आणखी स्वस्त पडते. म्हणजे आपल्या सिस्टिममध्ये तरुण पोराला आणि त्याच्या बापाला ‘अरे थांब, इथे रिस्क जास्त आहे’ हे पैशाच्या भाषेत सांगणारं कुणीच नाही. शोरूमवाला नाही, एजंट नाही, बँक तर नाहीच नाही. मग ते काम घरातल्या माणसांनीच करायचं राहतं आणि घरातली माणसं काय करतात तर गाडी बापाच्या नावावर घेतात, लोन बापाच्या नावावर, पॉलिसी बापाच्या नावावर, चावी पोराच्या खिशात.

इथे कितीतरी सुशिक्षित लोक गाफील असतात. पॉलिसीत ते पंधरा लाखांचं कंपल्सरी पर्सनल ॲक्सिडेंट कव्हर असतं ना, ते ओनर-ड्रायव्हरला असतं, म्हणजे ज्याच्या नावावर आरसी आहे तो स्वतः चालवत असेल तर. बापाच्या नावावरची गाडी मुलगा चालवतोय आणि त्यालाच काही झालं तर ते कव्हर त्याला लागू नाही. हे मी ज्या ज्या बापाला सांगितलं त्या प्रत्येकाने पॉलिसी काढून पुन्हा वाचली. आणि पोर जर अठराच्या आतलं असेल तर मग विषयच वेगळा, २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात १९९ए कलम आहे, पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार दंड, गाडीचं रजिस्ट्रेशन वर्षभरासाठी रद्द, आणि त्या पोराला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही.

कल्याणीनगरचं नाव काढल्याशिवाय पुण्यात या विषयावर बोलता येत नाही. १९ मे २०२४ च्या पहाटे तिथे पोर्शेच्या धडकेत दोन तरुण इंजिनिअर गेले, ती चालवल्याचा आरोप असलेल्या सतरा वर्षांच्या मुलाला जामिनाच्या अटींमध्ये तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला गेला, ते देशभर गाजलं. लोकांच्या डोक्यात तो निबंध बसला, माझ्या डोक्यात दुसराच आकडा बसलाय, १,७५८ रुपये. त्या कोट्यवधींच्या पोर्शेचं कायमचं रजिस्ट्रेशन झालेलं नव्हतं आणि त्यासाठी भरायचे राहिलेले पैसे होते १,७५८, तेव्हा सगळ्या पेपरात आलं होतं. माझ्या लाईनच्या माणसाला ते वाचून काय वाटलं असेल विचार करा. ज्या घरात एवढी महागडी गाडी येते त्या घरात कागद पूर्ण करायला कुणाला वेळ नाही. मी हे श्रीमंतांबद्दल म्हणत नाहीये, आमच्याकडे येणाऱ्या साध्या गाड्यांची पण तीच कथा, आरसी तिसऱ्याच माणसाच्या नावावर, पीयूसी संपलेली, इन्शुरन्स ट्रान्सफर केलेलाच नाही. सेकंडहँड गाडी घेतली की चौदा दिवसांत पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यायला अर्ज द्यावा लागतो हे दहा जणांना विचारा, एखाद्याला माहीत असेल.

बरं आता खर्च. समजा गाडी सात लाखांना मिळाली, दोन भरले, पाच लाखांचं लोन पाच वर्षांसाठी बारा टक्क्यांनी, ईएमआय अकरा हजारांच्या थोडा वर जातो. पेट्रोल पुण्यात शंभरीच्या पुढे, ही गाडी सिटीत नऊ-दहाचा ॲव्हरेज देते (ज्या पद्धतीने ही पोरं ॲक्सिलरेटर दाबतात त्यात कधी आठ), महिन्याला सहाशे किलोमीटर धरले तरी सहा हजारांच्या पुढे. इन्शुरन्स महिन्यावर वाटला तर दोन हजार. सर्व्हिस, टायर, ब्रेक, बॅटरी, कधी इंजिन माउंटिंग, कधी टर्बोचा पाइप, यासाठी महिन्याला तीन-साडेतीन हजार बाजूला ठेवावेच लागतात, नाही ठेवले तर वर्षाच्या शेवटी एकदम तीस-चाळीस हजारांचं बिल येतं आणि मग पोर बापाकडे न बघता माझ्याकडे बघतं. म्हणजे महिन्याला बावीस-तेवीस हजार. याच पोराचा मित्र सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहतो, मेस लावतो, परीक्षेची फी भरतो, ते सगळं याच्या निम्म्यात बसतं. आणि कॅम्पसमधून निघणाऱ्या कित्येक पोरांना आजही साडेतीन-चार लाखांचंच पॅकेज मिळतं, म्हणजे हातात पंचवीस-अठ्ठावीस हजार, त्यातले बावीस गाडीला. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, दुसरं काय.

एज्युकेशन लोन असतं तर निदान व्याजावर जुन्या टॅक्स पद्धतीत आठ वर्षं सूट तरी मिळते. नोकरदार बापाने पोराच्या गाडीसाठी काढलेल्या लोनवर दमडीची सूट नाही.

आणि एवढं करून चालवणार कुठे? एफसी रोडवर? तिथे संध्याकाळी माणूस चालत लवकर पोचतो. पेठेत पार्किंगच्या पी-वन पी-टू चा आज कुठला दिवस ते बघत फिरायचं. स्पीडब्रेकर कसा असावा याचे इंडियन रोड काँग्रेसचे नियम आहेत, उंची दहा सेंटीमीटर आणि रुंदी ३.७ मीटर, म्हणजे गाडी अलगद चढून उतरावी, पण आमच्या सोसायट्यांनी रातोरात जे सिमेंटचे उंचवटे घातलेत त्यांना रुंदीच नाही, नुसती उंची. खऱ्या स्पोर्ट्स कारचा ग्राउंड क्लिअरन्स बारा-चौदा सेंटीमीटर, हिशेब तुम्हीच करा. पावसाळ्यात वेगळीच तऱ्हा, खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल जातो, नदीपात्रातला रस्ता जातो, आणि दरवर्षी कुणीतरी हिरो पाण्यातून गाडी काढायला बघतो. खाली बसलेल्या गाडीने एकदा का हवेबरोबर पाणी आत ओढलं की पिस्टनला ते दाबता येत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, इंजिन खोलावं लागतं, आणि साध्या पॉलिसीत हे सहसा बसत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्टचं ॲड-ऑन लागतं. वाकलेला रॉड मी टेबलावरच ठेवलाय, येणाऱ्या पोरांच्या हातात देतो, बघ म्हणतो, केळ्यासारखा झालाय.

मग उरतो हायवे. एक्स्प्रेसवेवर लिमिट शंभर आणि घाटात साठ, वर आता कॅमेरे. नवले पुलाचा उतार तर पुणेकरांना सांगायला नको, कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडलं की गाडी आपोआप पळायला लागते, पुढे काय वाढून ठेवलंय ते दिसत नाही. पन्नासवरून शंभरवर गेलात की थांबायला लागणारं ब्रेकिंगचं अंतर दुप्पट नाही, चौपट होतं. शंभरच्या स्पीडला एका सेकंदात गाडी २८ मीटर जाते, पाय ब्रेकवर पोचायच्या आत. ही फिजिक्सची गणितं त्या पोराने अकरावी-बारावीला सोडवलेली असतात, सीईटीला मार्कही मिळवलेले असतात, पण गाडीत बसल्यावर आठवत नाहीत.

दिल्लीच्या गाड्यांबद्दल एक सांगतो कारण आजकाल पोरांना हे फार फॅड आहे. दिल्लीत डिझेल गाडीला दहा वर्षांची मर्यादा होती (२०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती सैल केली), म्हणून आठ-नऊ वर्षांच्या जर्मन सेडान तिकडे मातीमोल जायला लागल्या आणि इकडे पोरं म्हणायला लागली, काका फक्त सहा लाखांत मिळतेय! मिळतेय ना, मग तिकडच्या आरटीओची एनओसी आण, इथला रोड टॅक्स भर, एमएच बारा नंबर घे, कारण बारा महिन्यांच्या वर दुसऱ्या राज्याच्या नंबरवर गाडी ठेवता येत नाही. आणि मग एका हेडलाइटची किंमत ऐकून माझ्याकडे खुर्ची माग.

तसंच ते रीमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलून ताकद वाढवायची) आणि सायलेन्सर बदलायचं. सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये स्पष्ट सांगितलंय की कंपनीच्या मूळ रचनेत असा बदल चालणार नाही. पुणे पोलिसांनी सायलेन्सरवर रोलर फिरवल्याचे फोटो तुम्हीच छापता. क्लेमच्या वेळी सर्व्हेअर बॉनेट उघडून सगळ्यात आधी काय बदललंय तेच शोधतो. असो.

मग वेगाचं काय करायचं? ते पोर इंजिनिअरिंगला आहे म्हणून मला त्याचं आश्चर्य वाटलं. पुण्यातल्या किती कॉलेजांत फॉर्म्युला स्टुडंटच्या, बाहाच्या (दोन्ही कॉलेजच्या पोरांच्या गाड्यांच्या स्पर्धा) टीम आहेत, ही पोरं स्वतः गाडी बनवतात आणि फॉर्म्युलावाली ती कोइंबतूरला कारी मोटर स्पीडवेवर फॉर्म्युला भारतला घेऊन जातात. केटीएम ३९० चं इंजिन वापरायची तर फॅशनच आहे, तेही चाकणलाच बनतं. नियम असा की इंजिन ७१० सीसीच्या आत पाहिजे आणि आत जाणारी सगळी हवा वीस मिलिमीटरच्या एका भोकातून गेली पाहिजे, जेमतेम अंगठा जाईल एवढं. त्या भोकातून जास्तीत जास्त ताकद कशी काढायची यावर ही पोरं रात्र रात्र भांडतात. आमच्याकडे अशीच एक टीम अलाइनमेंट करायला आली होती, त्यात एक मुलगी होती, सगळी पोरं बडबड करत होती आणि ती खाली बसून सस्पेन्शनच्या रॉडचा नट एक एक आटा फिरवत होती, प्रत्येक फेरीला वहीत आकडा लिहीत होती, टायरचा कोन किती बदलला ते. हात काळे, ओढणी कमरेला बांधलेली. गाडी म्हणजे काय हे तिला जेवढं कळलं असेल तेवढं दहा टर्बो हॅचबॅक फिरवून कळत नाही असं माझं मत आहे, कुणाला पटो न पटो. आणि ती गाडी ट्रॅकवर चालते, हेल्मेट घालून, बेल्ट लावून, बाजूला ॲम्ब्युलन्स उभी असताना.

आता त्या पोराच्या बाबांना. साहेब, तुम्ही पैसे देणार आहात तर द्या, पण हप्त्याचे देऊ नका, एखादी साधी बाराशे सीसीची मॅन्युअल पेट्रोल गाडी घेऊन द्या, आरसी पोराच्या नावावर करा म्हणजे ते पंधरा लाखांचं कव्हर त्याला लागू होईल, चलन आलं की त्याच्या मोबाईलवर येईल, आणि पेट्रोल आणि इन्शुरन्स त्याने भरायचा, ट्यूशन घेऊन भरेल, इंटर्नशिप करून भरेल, ते त्याचं त्याने बघावं. दोन पावसाळे ती गाडी नीट सांभाळली, सर्व्हिस वेळेवर केली, तर स्वतःच्या पगारातून पुढची घेताना तुमच्या परवानगीची त्याला गरजच पडणार नाही. आणि हो, तेव्हा त्याने टर्बो घेतली तर नाक मुरडू नका.

आणि मुला, तुला एवढंच, तू माझं ऐकणार नाहीस हे मला माहितेय, या वयात कोण ऐकतं, त्यामुळे निदान गाडी बघायला जाशील तेव्हा काय बघायचं ते सांगून ठेवतो. सकाळी जा आणि मालकाला आधीच बजाव की इंजिन चालू करून ठेवू नका, थंड असतानाच पहिल्या स्टार्टला निळा धूर, टायमिंग चेनची खडखड जे काय असेल ते कळतं, गरम झाल्यावर सगळं झाकलं जातं. टायरची नक्षी बघून फसू नकोस, बाजूला चार आकडे असतात ते वाच, २३१९ असेल तर २०१९ चा तेविसावा आठवडा, असा टायर कितीही नवा दिसला तरी म्हाताराच. मोबाईलची टॉर्च घेऊन पुढच्या बंपरच्या खालच्या कडेला बघ, सायलेन्सरच्या पाइपला बघ, खरचटलेलं किती आहे त्यावरून आधीच्या मालकाने ब्रेकरवर गाडी कशी घातलीय ते कळतं. गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर लावून घे, आणि स्कॅनर सगळं ओके दाखवतोय पण टेस्ट ‘नॉट रेडी’ म्हणतोय असं दिसलं तर समज की बहुतेक नुकतेच बिघाडाचे कोड पुसलेत. आरसीवर बँकेचा बोजा आहे का ते बघ, असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी हातात आल्याशिवाय पुढे बोलू नकोस, आणि गाडी नावावर करायच्या २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर सह्या समोर बसून घे. मालक म्हणेल दुसरं गिऱ्हाईक येतंय, आजच टोकन दे. तर नाही द्यायचं, उद्या ये म्हणायचं, आणि गाडी घेऊन सरळ गॅरेजला यायचं, माझ्याच असं नाही, कुठल्याही.

आपला,
एक गॅरेजवाला, कर्वेनगर, पुणे